मला ऊन लागलं नव्हतं

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं कुणी आजारी पडलं तर ‘काय झालं?’ असं कुणी विचारत नसे. ‘कुठं लागलं?’ असं विचारत. म्हणजे ऊन कुठं लागलं: टँकरच्या रांगेत, छावणीत की बसस्टँडवर? ताप आला, ऊन लागलं. चक्कर आली, ऊन लागलं. आमच्या गल्लीतल्या एकाची बायको भांडून माहेरी गेली, तरी लोक म्हणाले, त्याला ऊन लागलंय. दुष्काळात डॉक्टरकी अशी सोपी होऊन जाते. मीही त्याच सोप्या निदानावर मरणार होतो.

ज्यांच्या घरात कुणाला डोक्याच्या आजारावरची औषधं चालू आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. मी सहकारी दूध संस्थेतला सुपरवायझर. दुधाला फॅट किती लागली एवढंच मला मोजता येतं. मध्ये मध्ये माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी येतील. त्या गाळून वाचायचं म्हटलं तर फारसं काही उरणार नाही.

म्हशींची सर्वसाधारण सभा

पाऊस सलग हुलकावण्या देत होता. विहिरी कोरड्या, दावणी रिकाम्या. आमच्या संस्थेनं चौसाळ्याच्या अलीकडं माळावर चारा छावणी काढली. ज्यांची जनावरं, ती माणसं तिथंच मुक्कामाला. छावणीचा कारभार माझ्याकडं आला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाऊडस्पीकरही माझ्याकडंच आला.

आधी माझी झोप गेली. झोप जाणं ही आमच्या संस्थेत बढतीला पात्र गोष्ट होती, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. मग डोक्यात कल्पना यायला लागल्या. माजलगावच्या धरणातून थेट छावणीपर्यंत पाइप, वाटेत प्रत्येक गावाला एक तोटी. मी काठीनं मातीत नकाशे काढायचो आणि जनावरं ते तुडवून जायची. मला वाटायचं, त्यांना योजना पसंत आहे.

एका सकाळी मी माइकवरून जाहीर केलं की आजपासून छावणीतल्या सगळ्या म्हशी संस्थेच्या सभासद झाल्या आहेत. दूध त्यांनी द्यायचं आणि मत आपण द्यायचं, हा अन्याय आता खपवून घेतला जाणार नाही. दुपारी सर्वसाधारण सभा, सर्व सभासदांनी दावणीला हजर राहावं. लोक पोट धरून हसले. चेअरमनही हसले. मला वाटलं, ठराव मंजूर. दुसऱ्या दिवशी मी चेअरमनांचा राजीनामा मागितला आणि त्यांच्या जागी एका मुऱ्हा म्हशीचं नाव सुचवलं. तेव्हा हसणं थांबलं. म्हैस निवडून आली असती, हे मात्र मी आजही सांगतो.

माझी बायको सुनंदा आणि आमच्या दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर रज्जाक, या दोघांनी मला ओळखलं. रज्जाक बीडचा, त्याचं सगळं घराणं गॅरेजवालं. बिघाड आवाजावरून ओळखायचा. तो सुनंदाला म्हणाला, “वैनी, ह्याचं इंजन बंद व्हत न्हाई. च्यावी काढली तरी चालूच हाय.” टँकरच्या केबिनमध्ये दोघांच्या मध्ये बसवून त्यांनी मला बीडला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. छावणीत रज्जाकनं सांगून टाकलं, “साहेबाचं पित्त खवळलंय.” पित्त म्हटलं की आमच्याकडं पुढचा प्रश्न येत नाही. तो आजार नाही, स्वभाव आहे.

डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, “पाणी भरपूर प्यायचं. अंग आखडलं किंवा ताप आला तर दुसरीकडं कुठं जायचं नाही, आधी माझ्याकडं यायचं.” सुनंदानं हे ऐकलं. मी त्या वेळी डॉक्टरांना म्हशींची मतदार यादी समजावून सांगत होतो.

बाटली

इंजेक्शननं झोप लागली. उठलो तेव्हा अक्कल परत आली होती आणि येताना लाजेला सोबत घेऊन आली होती.

आमच्या घरातून अंगारे-धुपारे आजोबांच्या काळातच हद्दपार झाले. धम्म घेतला, देव्हारा गेला, नवस गेले, अंगात येणं गेलं. आजोबा म्हणायचे, शिका आणि डॉक्टरकडं जा. पण ‘वेड्याच्या डॉक्टर’ची लाज घरात कुठल्या कोनाड्यात राहून गेली होती कोण जाणे. माझ्या बाबतीत ती थेट डोक्यावर येऊन बसली. छावणीत माझा मोठा भाऊ, दादा, त्याची दोन जनावरं घेऊन होता. चेअरमन होते. सगळा पंचक्रोशीतला समाज होता. त्यांच्यासमोर मी त्या गोळ्या कशा काढणार?

मग मी एक हुशारी केली. माझ्या आयुष्याची सगळी वाट माझ्या हुशाऱ्यांनी लावली आहे, तशी हीही. पित्ताच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली घेतली, डॉक्टरांच्या गोळ्या पाकिटातून एकेक सोडवून त्यात भरल्या आणि पाकिटं चुलीत घातली. चिठ्ठीही त्यांच्या मागोमाग गेली.

सुनंदा बघत होती. म्हणाली, “दादांना तरी सांगा. घरचं माणूस हाय.”

“कुणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील,” मी म्हणालो.

आमच्याकडं ही शपथ भाजीत मीठ जास्त झालं तरी घालतात. पण सुनंदा शब्द पाळणारी आहे.

दुसरं इंजेक्शन घेऊन मी छावणीत परतलो. डोकं आता जाग्यावर होतं, पण लाऊडस्पीकर होताच. पाण्याचा टँकर कधी यायचा, कधी नाही. मी माइकवरून रोज सांगायचो, “घोटाघोटानं प्या, पाणी जपा.” आणि बोललो तसं वागतो हे दाखवायला भर दुपारी सगळ्यांसमोर एक भांडं भरून घ्यायचो, त्यातलं घोटभर प्यायचो आणि उरलेलं वासराला पाजायचो. लोक म्हणायचे, सुपरवायझर साधू माणूस. डॉक्टरांनी सांगितलं होतं पाणी पी, आणि मी साऱ्या माळाला सांगत होतो पिऊ नका. लाऊडस्पीकर माझ्याकडं होता, म्हणून माझंच खरं झालं.

माइक सुटेना

पहिली खूण हसण्यावारी गेली. सकाळची घोषणा झाली, बटण बंद केलं, पण माइक हातातून सुटेना. बोटांना सांगितलं, सोडा. बोटांनी ऐकलं नाही. शेवटी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उचकटली. समोरचे हसले. “खुर्ची सुटत न्हाई हे ऐकलं व्हतं, ह्याचा माइक सुटंना!” मीही हसायला गेलो, तर जबडा अर्ध्यावर थांबला.

चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायला लागला. चालताना हात हलेनात, अंगाशी टांगल्यासारखे राहिले. आवाज बारीक झाला. एक म्हातारा म्हणाला, “सुपरवायझर, आवाजाला बी टँकर लावा की आता.” मी घामानं निथळत होतो. पण त्या माळावर कोण निथळत नव्हतं?

मग ताप चढला. दादानं बघितलं आणि निदान केलं. तुम्हाला ते माहीतच आहे.

त्यानं जे करायचं ते सगळं केलं. कांदा फोडून टाळूवर चोळला. पोतं भिजवून अंगावर टाकलं. आता विचार करा, त्या दिवसांत पोतं भिजवायला पाणी म्हणजे काय. त्यानं त्याच्या बैलाच्या वाट्याचं पाणी माझ्यावर ओतलं. कैरीचं पन्हं तोंडाशी लावलं, ते गळ्याखाली उतरेना. ठसका लागला आणि सगळं पन्हं त्याच्या अंगावर.

“अबे गीळ की,” दादा म्हणत होता. “इलास, गीळ की बे. लेकरासारखं काय करायलास?”

मला गिळायचं होतं. गिळायचं म्हणजे काय करायचं, ते आठवत नव्हतं.

चमचा

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात त्या दिवसांत उन्हाची माणसं रांगेनं पडलेली असायची. पंखे, ओल्या चादरी, सलाइन. मला त्याच रांगेत टाकलं. त्या वॉर्डातलं मला जे आठवतं ते फाटक्या चादरीसारखं आहे. मध्ये मोठमोठी भोकं. काही मी पाहिलं, काही नंतर ऐकलं, आणि आता कुठलं कुठलं ते वेगळं काढता येत नाही.

कुणीतरी विचारलं, “पेशंटला काही औषधं चालू आहेत का?”

दादाचा आवाज मला नक्की आठवतो. “न्हाई साहेब. पित्ताच्या गोळ्या घेतो, तेवढंच.”

“त्या चालतील.”

दादानं माझ्या सदऱ्याच्या खिशातून बाटली काढून कपाटावर ठेवली. आमचा दादा कामाला चोख माणूस. जनावराचं वेळेचं चारापाणी त्यानं कधी चुकवलं नाही, तो भावाचं औषध कसं चुकवेल? गिळता येत नाही म्हणून तो गोळी चमच्यात चुरगळायचा, वर दोन थेंब पाणी घालायचा, बोटानं ढवळायचा आणि माझे दात किंचित उघडून ते पांढरं पाणी हळूहळू आत सोडायचा. ठसका लागू नये म्हणून मान उचलून धरायचा. पदरानं पुसावं तसं गमज्यानं तोंड पुसायचा. सकाळी आणि संध्याकाळी.

तो चमचा येताना मला दिसायचा. त्यात काय आहे हे मला कळत होतं का? ह्या एका प्रश्नानं मला अजून सोडलेलं नाही. कधी वाटतं, मला स्पष्ट कळत होतं, मी ‘दादा, नको’ म्हणत होतो आणि ते दातांच्या आत राहत होतं. कधी वाटतं, मला काहीच कळत नव्हतं आणि हे सगळं मी नंतर रचलं. दोन्हींतलं कुठलं खरं असलेलं बरं, हेही मला ठरवता येत नाही.

एक मात्र आठवतं. लाऊडस्पीकरवरून कुणीतरी पुकारत होतं, “विलास सुपरवायझर यांचे नातेवाईक जिथं कुठं असतील तिथून त्यांनी कार्यालयाकडं यावं.” पुन्हा पुन्हा. आवाज माझाच होता. मी छावणीत हरवलेल्या माणसांसाठी पुकारायचो तसा, तोच सूर. दवाखान्यात लाऊडस्पीकर नव्हता, हे मी नंतर विचारून घेतलं.

“पित्ताच्या न्हाईत त्या”

सुनंदा गावी होती. दादानं तिला फोनवर सांगितलं होतं, “ऊन लागलंय, सलाइन लावलंय, भिऊ नको. टँकरच्या रांगेतला नंबर सोडून येऊ नको.” ती तरीही दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली.

त्याच वेळी चेअरमन संस्थेच्या दोन संचालकांना घेऊन मला बघायला आले होते. शहाळी घेऊन. मला पाणी गिळता येत नव्हतं आणि पायाशी शहाळी मांडून ठेवली होती. म्हैस प्रकरण त्यांनी मोठ्या मनानं विसरायचं ठरवलं होतं. “उन्हाचाच परिणाम,” ते दादाला समजावत होते. “त्या वेळचं बी ऊनच. आता माणूस बरा होऊन कामावर येऊ द्या.” म्हणजे माझी नोकरीही शाबूत आणि अब्रूही शाबूत. सगळं कसं जमून आलं होतं. फक्त मी मरत होतो.

सुनंदानं माझ्या अंगाखाली हात घातला. चादर चिंब. तिनं शेजारच्या खाटेवरच्या उन्हाच्या पेशंटकडं बघितलं. त्याचं अंग कोरडं तापलेलं आणि हात-पाय ढिले पडलेले. माझे हात छातीवर कोपरात वाकून तसेच राहिलेले. मग तिला कपाटावरची बाटली दिसली आणि बाटलीजवळ चमचा.

“दादा, ह्यातलं दिलं काय?”

“देतोय की. एक येळ चुकवली न्हाई.”

तेव्हा तिच्या मनात काय आलं? हे मला रज्जाकनं सांगितलं नाही, दादानं सांगितलं नाही. तिनं स्वतः, पुष्कळ नंतर, भाकरी थापता थापता सांगितलं. ती म्हणाली, “मी तुमच्या तोंडाकडं बगितलं. तुमी सांगितलं व्हतं, मेलेलं तोंड बघशील. मला वाटलं, न बोलता बी तेच बगायलेय की मी.”

तेवढ्यात डॉक्टर मॅडम फेरीवर आल्या. वयानं लहान, डोळे जागरणानं लाल.

“म्याडम,” सुनंदा म्हणाली, “पित्ताच्या न्हाईत त्या गोळ्या. डोक्याच्या डाक्टरच्या हायेत. ह्यांना येड लागलं व्हतं. दोन इंजेक्शनं बी दिलीत.”

वॉर्डात सगळ्यांना ऐकू गेलं. मुद्दाम मोठ्यानं बोलली नाही, पण तिनं आवाज लपवलाही नाही. चेअरमन शहाळ्यांकडं बघायला लागले. दादा म्हणाला, “काय बोलायलीस?”

मॅडम माझ्या खाटेशी आल्या. त्यांनी माझा हात धरून कोपरात हळूहळू सरळ केला, मग पुन्हा वाकवला. सगळ्या वाटेत सारखाच अडत होता. लोखंडी पाइप दोन्ही हातांनी वाकवावा तसा तो वाकत होता आणि सोडला तिथंच राहत होता. मग मानेखाली हात घालून बघितलं. मग खाली लघवीच्या पिशवीकडं बघितलं. त्यात बिनदुधाच्या चहाचा रंग होता. आयुष्यभर दूध मोजलेल्या माणसाकडून असा माल निघावा! नाडी त्यांनी दोनदा मोजली. रक्तदाब एकदा वर, एकदा खाली.

त्यांनी बाटली उचलून एप्रनच्या खिशात टाकली.

“ही बंद. आत्ता. बाकी सगळं नंतर,” त्या म्हणाल्या. “हे ऊन नाही. अंग बाहेरून तापलेलं नाही, त्या औषधामुळं आतून तापलंय. किती गोळ्या पोटात गेल्यात?”

दादा उत्तर द्यायला तोंड उघडत होता. मग त्याला समजलं, की त्याला काय विचारलंय.

लांब नाव

त्या आजाराचं नाव न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. नोंदणीकृत सहकारी संस्थेसारखं लांबलचक. पुढं फक्त ‘मर्यादित’ तेवढं लावलेलं नाही. क्वचित कुणाला होतो. डोक्याच्या काही औषधांचा एखाद्या शरीरावर असा उलटा परिणाम होतो. पाण्यावाचून सुकलेल्या, थकलेल्या, उपाशी शरीरावर होण्याची भीती जास्त. म्हणजे त्याला हवं होतं ते सगळं मी माइकवरून स्वतःच पुरवलं होतं.

मला अतिदक्षता विभागात नेलं. तिथलं मला सांगता येणार नाही, कारण तिथं मी नव्हतोच. मी म्हशींच्या सभेत होतो. सगळ्या म्हशी माझ्याकडं बघत गप्प उभ्या होत्या आणि मी अध्यक्षीय भाषणाला उठत होतो, पण माइक हाताला चिकटला होता आणि हात छातीला. ते भाषण मी कितीतरी दिवस करत होतो. आजही एखाद्या टळटळीत दुपारी डोळा लागला की ती सभा भरते. ठराव काय होता ते कळत नाही. फक्त सगळे हात वर आहेत आणि माझा एकट्याचा वर जात नाही.

मूत्रपिंडं जाणार की राहणार, हा तेव्हाचा मुद्दा होता. अंगातले स्नायू आखडून झिजतात आणि तो गाळ मूत्रपिंडात अडकतो, असं मॅडमनी समजावलं. सलाइनवर सलाइन, रोज रक्त. रज्जाक बर्फ आणायचा. संस्थेचं शीतकरण केंद्र दुधाअभावी रिकामं पडलं होतं, तिथं बर्फाला गिऱ्हाईक नव्हतं. तो दाराबाहेर बर्फाची पोती उतरवायचा आणि काचेतून ओरडायचा, “अबे इलास, म्हशींनी तुला बिनविरोध निवडून दिलंय. ऊठ, हार घालायचाय!” नर्स त्याला हाकलायच्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बर्फ घेऊन हजर.

वॉर्डातली एक मावशी ओल्या कापसानं माझे ओठ भिजवायची. तिच्या स्वतःच्या घरी पाणी पंधरवड्यानं यायचं, हे ती बोलता बोलता सांगायची. तो कापूस ओठाला लागायचा तेव्हा मला वाटायचं, आता मेलो तरी चालेल. आणि लगेच वाटायचं, नको, पुन्हा एकदा लागू दे.

ताप उतरला. मग जबडा सैल झाला, मग मान. बोटं सगळ्यात शेवटी. मी पहिला शब्द बोललो तो ‘पाणी’. सुनंदा रडायला लागली. मला कळेना, पाणी मागण्यात रडण्यासारखं काय आहे.

दादा

दादा रोज यायचा, पण खाटेपाशी बसायचा नाही. खिडकीत उभा राहायचा. मला भरवायची वेळ आली की बाहेर जायचा. मला वाटलं, येड्याच्या भावाला लाज वाटतेय. मी तर स्वतः लाजेतला जुना खेळाडू.

एकदा सुनंदा औषधं आणायला गेली होती. मी म्हणालो, “दादा, मऊ भात हाय, चार चमचे दे की.”

तो जागचा हलला नाही. म्हणाला, “मी न्हाई देणार.”

“कावून?”

“माझ्या हातानं मारायला लावलंस बे तू मला,” तो म्हणाला. खिडकीबाहेर बघत, अगदी हळू. “मी मोजून देत व्हतो. एक चुकली का बघत व्हतो. तुला येड लागलं असतं तर मी तुला सांभाळलं नसतं का? मला नुसतं सांगायचं व्हतं.”

माझ्याकडं प्रत्येक प्रसंगाला एक विनोद असतो. त्या वेळी शोधला. नव्हता.

तो सुनंदावरही रागावला होता. तुला माहीत होतं, तू फोनवर का नाही बोललीस? ती म्हणायची, तुम्ही ऊन म्हणालात, मला काय माहीत. पुष्कळ दिवस दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायची. एकमेकांना दोष देण्याचं कारण मी, आणि निरोप्याही मीच. दादा आता जेवायला येतो, हसतो, बोलतो. वरण ताटलीत असेल तर चमचा उचलत नाही. भाकरी कुस्करून हातानं खातो.

तुमच्यासाठी एवढंच

मनाच्या आजारावर औषध घेणाऱ्या माणसाचं अंग ताठ झालं, ताप चढला, घामानं चिंब झाला आणि बोलण्यात-समजण्यात गोंधळायला लागला, तर ऊन म्हणू नका, धनुर्वात म्हणू नका, बाहेरचं तर म्हणूच नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, हे औषध चालू आहे. औषध मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट न्या. चारही खुणा एकदम दिसतीलच असं नाही. मला आधी माइक सुटला नाही, मग चहा ओघळला, मग ताप. वाट बघत बसू नका.

आणि हे वाचून घाबरून कुणी आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका. हा आजार विरळा आहे आणि त्या गोळ्यांनी लाखो घरं उभी आहेत. मला गोळ्यांनी गाठलं, पण मारायला निघाली होती ती पाकिटं जाळणारी लाज.

आमच्या गावात आता सगळ्यांना माहीत आहे मला कसलं औषध चालू आहे. काही जण मला बघून लाऊडस्पीकरची नक्कल करतात. चालायचंच. मुलीच्या सोयरिकीत कुणी विचारलं तर सुनंदा स्वतःच आधी सांगते.

हल्ली

बरा झाल्यावर ते औषध मला पुन्हा कधी द्यायचं नाही असं ठरलं. पण पहिला आजार, तो म्हशींचा, तो तर होताच. झोप पुन्हा उडायला लागली. डॉक्टरांनी मध्ये पुरेसा काळ जाऊ दिला आणि मग दुसरं औषध अगदी थोडक्यापासून सुरू केलं, सुनंदाला समोर बसवून. पहिली गोळी हातात घेऊन मी इतका वेळ बसलो की ती तळहाताच्या घामानं विरघळायला लागली. सुनंदा म्हणाली, “घ्या. मी हाय.” घेतली.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी ती माझा उजवा हात धरते, कोपरात वाकवते, सरळ करते. मग कपाळाला हात लावते. मग विचारते, आज वार कोणता. हे सगळं झाल्याशिवाय मला चहा मिळत नाही.

मागच्या पोळ्याच्या सुमाराची गोष्ट. पाऊस बरा झाला होता, संस्थेत दूध येत होतं, माझं डोकं शांत होतं. सकाळी ती हात धरायला आली आणि माझ्यातला जुना माणूस जागा झाला. मी हात ताठ केला. पाइपासारखा. डोळेही थोडे वर फिरवले.

ती ओरडेल, मारेल, ‘मेल्या’ म्हणेल, असं मला वाटलं होतं. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. माझा हात हळूच गादीवर ठेवला, गॅस बंद केला, खुंटीवरची पिशवी घेतली, औषधाची पाकिटं तीत टाकली, पायात चपला घातल्या आणि दारातून शेजारच्या घरातल्या दादाला हाक मारली, “दादा, गाडी काढा.” आवाजात जराही कंप नव्हता. हे सगळं तिनं मनात किती वेळा करून ठेवलं होतं कोण जाणे; ते तिच्या हातांना पाठ होतं.

“अगं ए,” मी उठून बसलो. “गंमत केली.”

ती उंबऱ्यात होती. माझ्याकडं वळली. मी हात वाकवून दाखवला, सरळ करून दाखवला, हलवून दाखवला. ती बघत राहिली. मग उंबऱ्यावरच बसली. पिशवी मांडीवर, चपला पायात. बाहेर दादा अनवाणी धावत आला होता, हातात गाडीची किल्ली. तो कधी तिच्याकडं बघत होता, कधी माझ्या हलत्या हाताकडं.

मी हात खाली घेतला.